एरर कोड मॅपिंग (फाइल शेअरिंगमधलं)

एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या मशीनवरची फाइल दुसऱ्याच सिस्टिमच्या मशीनवरून उघडताना काही बिनसलं, तर सर्व्हरकडचा एरर नंबर क्लायंटला (म्हणजे फाइल मागणाऱ्या मशीनला) कळेल अशा नंबरात बदलून पाठवायची पद्धत. साम्बा (लिनक्स सर्व्हरवरच्या फाइली विंडोजला देणारं), एनएफएस (युनिक्स-लिनक्सच्या मशीनींत फाइली वाटणारं) असली सॉफ्टवेअरं हे काम आतल्या आत तक्ता बघून करतात. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडकडच्या ऑफिसांत आणि कॉलेजच्या लॅबमधी समोरचे डेस्कटॉप विंडोजचे आणि कोपऱ्यातला सर्व्हर लिनक्सचा ही जोडी काही नवीन नाही, तिथं हा तक्ता दिवसभर चालू असतो पण दिसत कुणालाच नाही, दिसतं ते फक्त 'अ‍ॅक्सेस डिनाइड' आणि मग सगळे परमिशन तपासत बसतात.

निजामाच्या राज्यात इकडं हाली रुपया चालायचा आणि इंग्रजी मुलखात कलदार, पण सात हालीला साधारण सहा कलदार असा भाव तरी ठरलेला होता. एरर कोडचं तसं नाही, एका बाजूला एकच नंबर असतो तिथं दुसऱ्या बाजूला तीन असतात.

नंबर आले कुठून हा यातला खरा गुंत्याचा भाग. युनिक्समधी (लिनक्स ज्या धर्तीवर बनलं ती जुनी सिस्टिम) १ ते ३४ पर्यंतचे नंबर जुने आणि बहुतेक सगळीकडं सारखे: २ म्हणजे फाइल नाही, ५ म्हणजे डिस्कचा वाचन-लेखनाचा बिघाड, १३ म्हणजे परवानगी नाही, २८ म्हणजे जागा संपली. डॉसमधी (विंडोजच्या आधीची मायक्रोसॉफ्टची सिस्टिम) पण २ म्हणजे फाइल नाही. डॉस २.० (१९८३) मधी फाइल हँडलवाले (उघडलेल्या फाइलीला नंबर देऊन तो वापरणारे) कॉल आले ते झेनिक्सच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच युनिक्सच्या, धर्तीवर होते, त्याच्या सोर्समधी झेनिक्स नावाची फाइलच आहे, म्हणून हा २ युनिक्सकडूनच उचलला असं वाटू शकतं. पण डॉसमधी ३ म्हणजे पाथ नाही आणि युनिक्समधी ३ म्हणजे प्रोसेस नाही, डॉसचा ५ म्हणजे परवानगी नाही आणि १३ म्हणजे डेटा चुकीचा, म्हणजे कॉलची पद्धत तिकडून आली असली तरी नंबर डॉसनं आपलेच लावले आणि २ जुळला तो योगायोग असावा, हेच जास्त पटतं. एवढं मात्र नक्की की लिनक्सचा ५ जसाच्या तसा विंडोजला पाठवला तर डिस्क मरायला टेकलेली असताना माणसाला वाचायला मिळेल 'परवानगी नाही'.

३४ च्या पुढं युनिक्सवाल्यांचं आपसातच जमत नाही. पॉसिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमांसाठीच्या स्टँडर्डनं एररची नावं ठरवली, नंबर ठरवले नाहीत. फाइलीचं नाव फार लांब झालं याला बीएसडीत (बर्कली विद्यापीठाचं युनिक्स) ६३, लिनक्समधी ३६. फोल्डर रिकामं नाही याला ६६ आणि ३९. शिळं हँडल (ज्या फाइलीचं ते, ती आता सर्व्हरवर नाही) याला ७० आणि ११६. लिनक्सच्या पहिल्याच आवृत्तीत (०.०१, १९९१) लिनस टॉरवल्ड्सनं एरर नंबरच्या फाइलीत कॉमेंट टाकलेली आहे की दुसरी कुठली माहिती हाताशी नसल्यामुळं मिनिक्सचेच (शिकवण्यासाठी केलेली युनिक्ससारखी छोटी सिस्टिम) नंबर घ्यावे लागले, आणि पॉसिक्सवाले स्टँडर्डचे पैसे मागतात म्हणून दोन शब्दही सुनावलेत. त्यात परत अल्फा आणि स्पार्क प्रोसेसरवरच्या लिनक्समधी हाच लांब नावाचा नंबर ६३ आहे, म्हणजे 'लिनक्सचा नंबर' असं मोघम बोलूनही भागत नाही.

एनएफएस सन या कंपनीचं, आणि सनची सिस्टिम तेव्हा बीएसडीवर बेतलेली. त्यामुळं एनएफएस २ च्या कागदात (आरएफसी १०९४, १९८९) बीएसडीचेच ६३, ६६, ६९, ७० छापले गेले आणि ते आजपर्यंत नेटवर्कच्या तारेवरून तसेच जातात. दोन्हीकडं लिनक्स असलं तरी सर्व्हर ३६ चा ६३ करतो आणि क्लायंट ६३ चा परत ३६. हे केलं नाही तर साध्या लिनक्सवर ६३ चा अर्थ स्ट्रीम्सची साधनसामग्री संपली असा होतो, ज्याचा फाइलीच्या नावाशी काही संबंध नाही. आपल्याकडं हा लांब नावाचा एरर लवकर गाठतो कारण एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममधी नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि युटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे काना-मात्रा-वेलांट्या धरून ८५ चिन्हं झाली की संपलं. विंडोजच्या एनटीएफएसवर मर्यादा २५५ युटीएफ-१६ एककांची, त्यामुळं 'जिल्हा परिषद प्राथमिक शाळा' पासून सुरू होऊन गाव, तालुका, वर्ष, विषय सगळं नावातच कोंबलेली फाइल पीसीवर बिनबोभाट सेव्ह होते आणि सर्व्हरवर टाकायला गेलं की अडते.

विंडोजकडचा फाइल शेअरिंगचा एसएमबी प्रोटोकॉल (साम्बा हाच बोलतो) आयबीएमच्या बॅरी फायगेनबॉम यांचा, साधारण १९८३ च्या आसपासचा. त्याच्या जुन्या रूपात एररसाठी ४ बाइट होते, एक बाइट वर्गाचा, एक रिकामा, दोन नंबरचे. वर्ग १ मधला २ म्हणजे फाइल नाही आणि वर्ग २ मधला २ म्हणजे पासवर्ड चुकीचा. पुढं विंडोज एनटी आल्यावर त्याच ४ बाइटांत ३२ बिटचा एनटी स्टेटस नावाचा एरर कोड बसवला, कुठल्या पद्धतीनं वाचायचं ते हेडरमधल्या एका फ्लॅगवरून कळायचं. एसएमबी २ (२००६) पासून फक्त एनटी स्टेटस उरला. हे कोड १६ च्या पायात लिहितात म्हणून त्यात अक्षरंही येतात: परवानगी नाही याला सी०००००२२, फाइल नाही याला सी०००००३४, पाथ नाही याला सी०००००३ए.

साम्बा कधीचा म्हणावा यात थोडा फरक पडतो; अँड्र्यू ट्रिजेलनं कॅनबेराच्या विद्यापीठात १९९१ च्या शेवटी कोड लिहायला घेतला, पहिली आवृत्ती जानेवारी १९९२ ची धरतात, साम्बा हे नाव नंतरचं. साम्बाला नुसता तक्ता पुरत नाही. लिनक्स फाइल नाही आणि पाथ नाही दोन्हीला २ च देतं, पण विंडोजच्या प्रोग्रॅमला फरक लागतो, म्हणून साम्बाला वरचं फोल्डर आहे का नाही हे स्वतः बघावं लागतं. लिनक्समधले १ (हे करायची मुभाच नाही) आणि १३ दोन्ही सी०००००२२ होतात, पलीकडं लिनक्सचाच क्लायंट असला तर परत येताना दोन्ही १३ च होऊन येतात. कोटा (एकेकाला वाटून दिलेली जागा) संपल्याचा एरर साम्बा मुद्दाम 'डिस्क भरली' करून पाठवतो, विंडोजच्या प्रोग्रॅमांना तेच समजतं असं सोर्समधी लिहिलेलं आहे, त्यामुळं लॅबमधल्या पोराचा कोटा संपला की सर्व्हरवर रग्गड जागा असूनही डिस्क भरल्याचा मेसेज येतो. आणि तक्त्यात नसलेला कुठलाही लिनक्स एरर आला तर साम्बा सरळ 'अ‍ॅक्सेस डिनाइड' देतो. लिनक्सचा एसएमबी क्लायंट अनोळखी कोडला ५ देतो, म्हणजे विंडोजवर परमिशनचा घोळ दिसतो आणि लिनक्सवर डिस्कचा, खरं कारण दोन्हीकडं गायब. म्हणून जाणकार स्क्रीनवरचं वाक्य न वाचता सर्व्हरचा लॉग उघडतात.

एकानं एक्सेलची फाइल उघडून ठेवली की दुसऱ्याला येणारा एरर (सी०००००४३) युनिक्समधी मुळातच नव्हता. लिनक्सच्या क्लायंटमधी तो आधी 'प्रोग्रॅम चालू असल्यामुळं फाइल अडकली' या एररवर बसवला होता, पुढं साध्या 'बिझी' वर आणला, तेच बरं. लाईट जाऊन सर्व्हर बंद पडला तर मात्र यायला एरर कोडच नसतो. एनएफएसचं फोल्डर जोडताना (माउंट) 'हार्ड' पर्याय दिला असेल तर प्रोग्रॅम सर्व्हर परत येईपर्यंत लटकून राहतो, सॉफ्ट असेल तर काही वेळानं क्लायंट स्वतःच ५ देतो.

अ‍ॅपलच्या एएफपी या फाइल शेअरिंगच्या प्रोटोकॉलात नंबर उणे असतात, परवानगी नाही म्हणजे उणे ५०००. प्लॅन ९ (बेल लॅब्जची सिस्टिम) च्या ९पी या प्रोटोकॉलमधी नंबर नाहीच, एररचं वाक्यच पाठवतात. त्याच्या लिनक्ससाठीच्या ९पी२०००.एल आवृत्तीत परत लिनक्सचे नंबर आले.