तारा जमिनीखाली गेल्या की वीज जाणारच नाही?

दर पावसाळ्यात हा मेसेज फिरतो: 'शहरातल्या सगळ्या तारा जमिनीखाली घाला, मग लाइट कधीच जाणार नाही.' असं वाटणं स्वाभाविक आहे. वादळात फांदी तारेवर पडलेली आपण सगळ्यांनीच पाहिली आहे.

भूमिगत केबलला वारा आणि झाडं यांचा त्रास नसतो, एवढं खरं. पण उघड्या तारेवरचे बरेचसे बिघाड क्षणिक असतात. फांदी झटकली गेली, ब्रेकर (बिघाड होताच वीज तोडणारा स्विच) पुन्हा चढवला, की लाइट आली. केबलचं तसं नसतं. सांध्यात पाणी शिरलं, इन्सुलेशन जुनं झालं किंवा कुणाच्या जेसीबीचा दात लागला, तर दोष डोळ्यांना दिसत नाही. तो यंत्राने शोधायचा, रस्ता खणायचा, नवा सांधा घालायचा. तासन्‌तास जातात.

मुंबईच्या बऱ्याच भागात केबल भूमिगतच आहेत, तरी पाणी तुंबलं की सुरक्षेसाठी पुरवठा बंद करावा लागतो.

खरा फरक पडतो तो वीज यायला दुसरी वाट असेल तर. ११ केव्हीचा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून आपल्या भागातल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत वीज आणणारी ११,००० व्होल्टची लाइन, दोन बाजूंनी जोडलेला असेल, तर बिघडलेला तुकडा वेगळा काढून बाकीच्यांना वीज देता येते. ट्रान्सफॉर्मरवर भार किती, हेही तितकंच महत्त्वाचं.

पडताळायचं असेल तर वर्षभर वहीत दोनच गोष्टी लिहा: लाइट कितीदा गेली आणि किती वेळ. भूमिगत केबल असलेल्या एखाद्या नातेवाइकालाही लिहायला सांगा. बहुधा त्यांच्याकडे नोंदी कमी असतील, पण एखादी बरीच लांबलेली सापडेल.