प्राण्यांच्या प्रकरणवार गोष्टी : पालकांसाठी थोडी माहिती

पालकहो, नमस्कार.

दुसरी-तिसरीतलं मूल चित्रांच्या पुस्तकांना कंटाळलेलं असतं आणि जाड पुस्तकाला बिचकतं. या वयासाठी आमच्या दुकानात सगळ्यात जास्त विचारणा होते ती प्राण्यांच्या प्रकरणवार पुस्तकांची. साठ ते सव्वाशे पानं, ठसठशीत टाइप, मधूनमधून रेखाचित्रं आणि झोपण्याआधी एका बैठकीत संपेल एवढं प्रकरण, असं साधारण त्यांचं स्वरूप.

पंचतंत्र, इसापनीती तुमच्या घरी असेलच. तिथला कोल्हा लबाडी करतो, त्याची फजिती होते, तात्पर्य येतं आणि दोन पानांत कोल्हा निघून जातो. प्रकरणवार पुस्तकातला उंदीर किंवा बेडूक मुलाकडे चांगला पंधरा दिवस मुक्काम करतो. तो कुठे राहतो, कशाला घाबरतो, त्याचं कोणाशी पटत नाही, हे सगळं मुलाला पाठ होतं. एकदा ही ओढ लागली की पुस्तकाच्या जाडीची भीती उरत नाही.

‘आमच्या मुलीला भीतीदायक काही नको,’ असं बरेच पालक सांगतात. त्यांना आम्ही ए. ए. मिल्न यांच्या ‘विनी द पूह’मधलं (१९२६) दुसरं प्रकरण उघडून देतो. पूह, म्हणजे गोष्टीतलं अस्वल, सशाच्या घरी मध आणि कंडेन्स्ड मिल्क एवढं खातो की निघताना बिळाच्या तोंडातच अडकतो. आता आठवडाभर उपाशी राहून बारीक होणं, एवढाच उपाय. तोवर ख्रिस्तोफर रॉबिन हा त्याचा छोटा दोस्त त्याच्या डोक्याकडे बसून पुस्तक वाचून दाखवतो आणि आत ससा त्याच्या पायांवर टॉवेल वाळत घालतो! पूहच्या डोळ्यांत पाणी येतं, पण गोष्टीत दुष्ट कुणी नाही आणि मित्र जवळच आहेत. आम्ही सौम्य म्हणतो ती गोष्ट अशी.

अशा पुस्तकांत दुःख नसतंच, असं मात्र नाही. ई. बी. व्हाइट यांच्या ‘शार्लट्स वेब’मध्ये (१९५२) विल्बर नावाच्या डुकराला वाचवणारी कोळीण शेवटाकडे मरते. हे पुस्तक आम्ही अगदी मनापासून सुचवतो, पण देताना प्रत्येक पालकाला हे आधी सांगतो. शेवटची प्रकरणं तुम्ही आधी वाचून ठेवा आणि त्या रात्री मुलाजवळ बसा. घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर थोडं थांबून द्या. पण कायमचं टाळू नका. मरणाबद्दल थेट विचारायला मूल कचरतं, कोळिणीबद्दल मात्र मोकळेपणाने विचारतं.

निवड वयावरून करू नका. मधलंच एखादं पान उघडून मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. पाचापेक्षा जास्त शब्दांना अडखळलं, तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवा. मराठीत बहुधा जोडाक्षरं अडवतात, इंग्रजीत लांबलचक वाक्यं. केनेथ ग्रॅहम यांचं ‘द विंड इन द विलोज’ (१९०८) ऐकायला फार सुंदर आहे. नदीची वर्णनं तर मोठ्यांनाही गुंगवतात, पण आठ वर्षांच्या मुलाला एकट्याने झेपणं कठीण. इंग्रजी नुकतं वाचू लागलेल्यांसाठी आर्नल्ड लोबेल यांचं ‘फ्रॉग अँड टोड आर फ्रेंड्स’ (१९७०) घ्या. त्यात पाचच छोट्या गोष्टी आहेत आणि वाक्यंही आटोपशीर आहेत. इंग्रजी पुस्तक वाचून दाखवताना मध्येच मराठीत सांगितलंत तरी काही बिघडत नाही.

पुस्तक घ्यायला मुलाला सोबत आणा. दुकानात बसून एक प्रकरण वाचायला आमची कधीच हरकत नसते. नाही आवडलं तर पुस्तक आणि पावती घेऊन या, बदलून देऊ. पान फाटलं तर सेलोटेप मात्र लावू नका, ती पुढे पिवळी पडते आणि कागद खराब करते. तसंच आमच्याकडे आणा, आम्ही नीट चिकटवून देऊ.