शिडी

उचलून नेता येणारा जिना म्हणजे शिडी. दोन लांब उभे दांडे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पायऱ्या, एवढीच तिची रचना. जिना घराबरोबर बांधला जातो आणि घराबरोबरच पडतो. शिडी मात्र जिथे काम असेल तिथे लावतात आणि काम झाले की काढून घेतात. ती कशालाही जोडलेली नसते, नुसती टेकलेली असते. तिची उपयुक्तता आणि तिचा धोका, दोन्ही यातूनच येतात.

संस्कृतात शिडीला ‘निःश्रेणी’ म्हणतात. त्यातून आलेला ‘निसण’ हा शब्द जुन्या मराठीत होता आणि गोव्यात कोंकणी बोलणाऱ्यांच्या तोंडी तो आजही आहे. दोरांच्या शिडीला मराठेशाहीत ‘माळ’ म्हणत. पायऱ्यांसाठी आणखी एक शब्द आहे, ‘सोपान’. ज्ञानेश्वरांच्या धाकट्या भावाचे नाव तेच.

आपल्याकडची रोजच्या वापरातली शिडी मुख्यतः बांबूची. बांबू हलका, लवचीक आणि लांबीच्या मानाने चिवट असतो. कोकणातला माणगा जवळजवळ भरीव असल्यामुळे त्याची शिडी चांगली टिकते. पिकलेले, सारख्या जाडीचे दोन बांबू निवडून बुडखा खाली आणि शेंडा वर येईल असे ठेवतात. त्यामुळे शिडी पायाशी जड आणि रुंद राहते, वर निमुळती होत जाते. पायऱ्यांसाठी दोन्ही दांड्यांना समोरासमोर भोके पाडून भरीव बांबूचे किंवा लाकडाचे तुकडे ठोकून बसवतात. भोक पेराच्या गाठीजवळ घेतलेले बरे. दोन गाठींच्या मधोमध घेतले तर बांबू उभा चिरण्याची भीती असते. दोन दांडे एकमेकांपासून फाकू नयेत म्हणून तारेने किंवा काथ्याने आवळतात. काही जण भोके न पाडता पट्ट्या खिळ्यांनी ठोकतात. अशी शिडी झटपट होते, पण वर्षभरात खिळे सैल पडतात आणि पायरी पायाखाली फिरते. तिच्यावर विसंबू नये.

पायऱ्यांतले अंतर साधारण एक फूट ठेवतात. सगळी अंतरे सारखी असणे फार महत्त्वाचे, कारण उतरताना माणूस खाली बघत नाही. पुढची पायरी पायच चाचपून शोधतो. एक पायरी जरी दोन बोटे खाली बसली, तरी पाय हवेत अडखळतो. लाकडी शिडीला रंग देऊ नये, हेही यातलेच. रंगाखाली चीर दिसत नाही.

घरात शिडी लागते ती माळ्यासाठी. बियाणे, जळण, सणापुरती काढायची मोठी भांडी असे नेहमी न लागणारे सगळे माळ्यावर जाते. पण कौलारू घराची शिडी खरी कामाला येते ती पावसाळ्याआधी. वैशाख सरत आला की कोकणात कौले परततात. जुनी नळ्याची कौले काढायची, त्यांवरचा पाचोळा आणि शेवाळ झाडायचे, सडलेल्या रिपा बदलायच्या, फुटकी कौले वेगळी करून बाकीची पुन्हा रचायची. एक शिडी भिंतीला लागते. शक्य असेल तर दुसरी छपराच्या उतारावर निजवतात, म्हणजे माणसाचे वजन एका कौलावर न येता वाशांवर वाटले जाते. छपरावरचा माणूस कौल खाली देतो, शिडीच्या मध्यावर उभा असलेला ते घेतो आणि अंगणातल्याच्या हातात देतो. मधल्याची जागा सगळ्यांत अवघड. त्याचे दोन्ही हात कौलांत गुंतलेले असतात, म्हणून तो मांडी पायरीला टेकवून तोल धरतो आणि खाली कुणीतरी शिडीचे पाय धरून उभे राहते.

शेतात आणि बागेत शिडीची रूपे बदलतात. गवताची गंज रचताना साधी शिडी पुरते. केरळात मिरीचे घोस काढायला एकाच बांबूची शिडी वापरतात. फांद्या मुळापासून न छाटता त्यांचे खुंट राखलेले असतात आणि त्याच पायऱ्या होतात. दाट बागेत दोन दांड्यांच्या शिडीला जागा नसते, हा एक दांडा मात्र कुठेही शिरतो. गोव्यातला नारळ काढणारा पाडेली मात्र शिडीशिवायच माडावर चढतो.

शहरांत वीज येण्याआधी रस्त्यावरचे दिवे लावायला नगरपालिकेचा माणूस खांद्यावर शिडी घेऊन संध्याकाळी निघत असे. मुंबईत गॅसचे दिवे १८६५ मध्ये आले. वीज आल्यावर तीच शिडी वायरमनच्या खांद्यावर गेली. रंगारी भिंतीला टेकवायची शिडी वापरतात, तसाच दोन्ही बाजूंनी स्वतःच्या पायांवर उभा राहणारा घोडाही वापरतात. ओल्या रंगाच्या भिंतीला काही टेकवता येत नाही, म्हणून खोलीच्या आतल्या कामाला घोडाच लागतो. ॲल्युमिनियमची शिडी हलकी आणि न कुजणारी, पण तिच्यातून वीज वाहते. विजेच्या तारांजवळ ती नेऊच नये. तिथे फायबरग्लासची शिडी वापरतात. ओला बांबूही वीज वाहू देतो, हे पावसाळ्यात विसरले जाते.

शिडी किती तिरकी लावावी याचा साधा हिशेब आहे. जितक्या उंचीवर ती टेकते त्याच्या एक चतुर्थांश अंतर पायथ्याशी सोडावे: बारा फुटांवर टेकवायची तर भिंतीपासून तीन फूट. हा कोन सुमारे ७५ अंशांचा होतो. याहून उभी लावली तर माणसासकट मागे कलंडते, याहून पसरट लावली तर पाय घसरतात. माणूस जितका वर जातो तितकी पाय घसरण्याची ओढ वाढते. म्हणून खालच्या चार पायऱ्यांवर भक्कम वाटलेली शिडी शेवटच्या दोन पायऱ्यांवर दगा देते. छपरावर उतरायचे असेल तर शिडीचे टोक कडेच्या वर तीन फूट तरी असावे, नाहीतर वर पोचल्यावर धरायला काहीच उरत नाही. यातले एकही पाळायला पैसा लागत नाही. तरी ओल्या फरशीवर, खाली कुणी न धरता, चढणारी माणसे रोज दिसतात आणि त्यांतली काही पडतात.

‘सापशिडी’ या खेळाचे जुने मराठी रूप ‘मोक्षपट’. परंपरा त्याचे कर्तेपण ज्ञानेश्वरांकडे देते. त्यात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये छापून विकला जाऊ लागला आणि त्यातला मोक्ष गळाला.

सह्याद्रीत शिडीला लढाईचा इतिहास आहे. गडाचे कडे तासून ठेवलेले असत, तेव्हा रात्री कड्याला माळ लावून वर जाणे हा एल्गाराचा एक मार्ग होता. १६९३ मध्ये मराठा सरदार नावजी बलकवडे यांनी मोगलांकडून सिंहगड असाच परत घेतला. १८१८ मध्ये इंग्रजांनी अनेक गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. अलंग आणि मदन या गडांवर पायऱ्या तुटलेल्या टप्प्यांत आजही दोर लागतो. कर्जतकडच्या खांडसहून भीमाशंकरला चढणाऱ्या एका वाटेचे नावच शिडी घाट आहे. तिथले कातळटप्पे लोखंडी शिड्यांवरून पार होतात. राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. बारी गावातून वर जाताना उभ्या कातळाला शिड्या ठोकलेल्या आहेत. नवरात्रात भाविक देवीच्या दर्शनाला त्यांवरूनच चढतात, आणि गर्दीच्या दिवशी वर जाणारे व खाली येणारे शिडीच्या दोन टोकांना एकमेकांसाठी थांबून राहतात.