पटावर न दिसणारी माहिती

बुद्धिबळाचा डाव अर्ध्यावर आला आहे, पांढरा राजा आणि त्याचा एक हत्ती आपापल्या मूळ घरांत उभे आहेत आणि मधली घरे मोकळी आहेत, असे समजा. पांढऱ्याला किल्लेकोट, म्हणजे एकाच खेळीत राजा दोन घरे हत्तीकडे सरकवून हत्ती त्याच्या पलीकडे ठेवण्याची चाल, करता येईल का? पट कितीही वेळ न्याहाळला तरी याचे उत्तर मिळत नाही. राजा किंवा तो हत्ती एकदा जरी हलून जागेवर परतला असेल तर त्या बाजूच्या किल्लेकोटाचा हक्क कायमचा गेलेला असतो, आणि हलून परतलेला राजा व मुळीच न हललेला राजा दिसायला अगदी सारखेच असतात. डब्लिनमध्ये १९७३ साली वोल्फगांग हायडेनफेल्ड यांच्या एका डावात तीन किल्लेकोट झाल्याची नोंद आहे; त्यांतले दोन पांढऱ्याचे होते, म्हणजे एक उघडच नियमबाह्य होता.

संगणकाला बुद्धिबळ कसे शिकवता येईल याचा विचार करताना अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी ही अडचण अचूक हेरली होती. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी डावाच्या 'स्थिती'ची व्याख्या करताना मोहऱ्यांच्या जागा आणि खेळी कोणाची एवढ्यावर न थांबता, राजा व हत्ती हलले आहेत का, शेवटची खेळी कोणती होती आणि प्यादे हलल्याला किंवा मोहरा मारला गेल्याला किती खेळ्या झाल्या, याही बाबी तिच्यात धरल्या. शेवटची खेळी लागते ती 'एन पासाँ'साठी, म्हणजे दोन घरे पुढे आलेले प्यादे, ते एकच घर आल्यासारखे धरून, शेजारच्या प्याद्याने मारण्यासाठी, कारण ही मुभा फक्त लगेचच्या खेळीपुरती असते.

मग प्रत्येक मोहऱ्यावर 'हलला' किंवा 'हलला नाही' अशी खूण ठेवावी का? तसे करण्याची गरज नाही, आणि मला या विषयातला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. प्यादे मागे जात नाही, त्यामुळे आपल्या आरंभीच्या ओळीत उभे असलेले प्यादे हललेले नाही हे त्याची जागाच सांगते. घोडा, उंट आणि वजीर हलले की नाही याने कोणताही नियम बदलत नाही. उरतात दोन राजे आणि चार हत्ती. पण राजा हलला की दोन्ही बाजूंचे हक्क एकदमच जात असल्यामुळे सहा मोहऱ्यांचा हा इतिहास चार होय-नाहींत, म्हणजे चार बिटांत मावतो.

हे चार बिट सांभाळताना मात्र नवशिके प्रोग्रामर हमखास चुकतात. हत्ती न हलता आपल्या कोपऱ्यातच मारला गेला, तरीही तो हक्क रद्द करावा लागतो. तसे केले नाही आणि पुढे दुसरा हत्ती त्याच कोपऱ्यात येऊन उभा राहिला, तर प्रोग्राम बेकायदा किल्लेकोट करून मोकळा होतो. शिवाय पुढच्या शक्यता तपासताना संगणक क्षणोक्षणी खेळ्या करतो आणि मागे घेतो. मोहरा कोठून कोठे गेला एवढ्यावरून त्याला मूळ घरी परत नेता येते, पण आधीचे हक्क काय होते हे त्या खेळीवरून कळत नाही, म्हणून ते प्रत्येक पायरीला वेगळे जपून ठेवावे लागतात.

तीच स्थिती तीनदा आली की बरोबरीचा दावा करता येतो, आणि तिथेही हा हिशेब लागू होतो: मोहरे जागच्या जागी असले तरी मधल्या काळात किल्लेकोटाचा हक्क गेला असेल, तर नियमांच्या दृष्टीने ती वेगळी स्थिती ठरते.

आपल्याकडील देशी बुद्धिबळाच्या अनेक नियमांत प्यादे एकेकच घर चालत असे आणि राजाला, शह बसण्यापूर्वी, एकदाच घोड्याची उडी मारता येत असे. म्हणजे तिथेही राजाचा इतिहास लक्षात ठेवावा लागे, फक्त त्यात शहाचीही भर होती. खेळ रचणाऱ्याला हा भार मोहऱ्यावरच टाकता येतो. जपानच्या शोगीत मोहरे चपटे असतात. बढती मिळालेला मोहरा उलटवला की त्याच्या पाठीवरचे अक्षर नवा दर्जा सांगते. एकदाच हलण्याचा नियम असलेल्या खेळात मोहरा हलवताना आडवा वळवून ठेवायची पद्धत घातली, तरी हेच साधते. बुद्धिबळातल्या उभ्या, कोरीव राजाला अशी पाठ नाही.

बुद्धिबळाच्या कूटप्रश्नांत तर आधीच्या खेळ्यांची नोंदच नसते, म्हणून तेथे एक संकेत पाळला जातो: राजा किंवा हत्ती हलला आहे हे तर्काने सिद्ध होत नसेल तर किल्लेकोट चालतो, उलट प्याद्याची शेवटची खेळी दोन घरांचीच होती हे सिद्ध झाल्याशिवाय एन पासाँ चालत नाही.