बारोलो : आस्वाद व भोजनसंगती

इटलीच्या वायव्येकडील पिएमोंते प्रांतात, आल्बा गावाजवळच्या लांगे टेकड्यांवर पिकणाऱ्या नेब्योलो या एकाच जातीच्या द्राक्षांपासून केली जाणारी तांबडी वाइन. बारोलो हे मुळात एका गावाचे नाव. कायद्याने आखलेल्या क्षेत्रात मात्र ११ गावे येतात. त्यांपैकी बारोलो, कास्तिल्योने फाल्लेत्तो आणि सेर्रालुंगा ही तीन संपूर्ण, तर ला मोर्रा, मोन्फोर्ते इ. गावे अंशतः. १९६६ साली तिला ‘डीओसी’ (नियंत्रित मूळस्थानाचा इटालियन कायदेशीर दर्जा) आणि १९८० साली ‘डीओसीजी’ हा त्याहून वरचा दर्जा मिळाला. तोडणीनंतर किमान ३८ महिने, त्यांपैकी १८ महिने लाकडी पिंपात, मुरल्याशिवाय ती विकता येत नाही. ‘रिझेर्व्हा’ या अधिक मुरवलेल्या प्रकारासाठी ही मुदत ६२ महिन्यांची आहे.

‘नेब्योलो’ हे नाव धुके या अर्थाच्या ‘नेब्या’ या इटालियन शब्दावरून आले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हे धुके ऑक्टोबरात तोडणीच्या वेळी टेकड्यांवर उतरणारे, की पिकल्या द्राक्षावर धरणारा पांढुरका मेणचट थर, यावर एकमत नाही. ‘नोबिले’ (कुलीन) या शब्दाशी जोडलेली व्युत्पत्ती मागाहून सुचलेली वाटते. तूरिनजवळच्या रिव्होली येथील १२६६ च्या नोंदीत ‘निबियोल’ असा उल्लेख सापडतो. ला मोर्राच्या १४३१ च्या ग्रामनियमांत नेब्योलोचे वेल तोडणाऱ्याला शिक्षा सांगितली आहे.

आजची बारोलो गोडवा नसलेली, कोरडी असते. ती तशी केव्हा व कोणी केली, हा या विषयातील सर्वांत वादाचा मुद्दा आहे. नेब्योलो उशिरा पिकते. तळघरात रस आंबत असतानाच थंडी पडे, किण्व मंदावे आणि साखर शिल्लक राही. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले टॉमस जेफरसन १७८७ मध्ये तूरिनला आले, तेव्हा त्यांना ही वाइन मदेइरासारखी गोड, बोर्दोसारखी तुरट आणि शॅम्पेनसारखी फसफसणारी वाटली. रूढ कथेनुसार हे चित्र लुई ऊदार या फ्रेंच जाणकाराने बदलले. इटलीच्या एकीकरणामुळे मराठी वाचकांना परिचित असलेला काव्हूर १८३२ ते १८४९ या काळात ग्रिंझाने गावाचा प्रमुख होता. त्याने आणि बारोलोची जहागीरदारीण जूलिया कोल्बेर फाल्लेत्ती हिने ऊदारला बोलावले, असे सांगतात. जूलियाने राजा कार्लो आल्बेर्तोकडे ३२५ पिंपे धाडली, उपासाचे ४० दिवस वगळून वर्षाच्या दर दिवसाला एक, ही आख्यायिका याच कथेला जोडलेली आहे.

अलीकडच्या संशोधकांना ही कथा मान्य नाही. काव्हूरच्या ग्रिंझाने येथील तळघराची व्यवस्था १८३६ च्या सुमारास पाओलो फ्रांचेस्को स्ताल्येनो या सेनाधिकाऱ्याकडे आली. साखर पूर्ण संपेपर्यंत रस आंबवावा, भांडी स्वच्छ व झाकलेली असावीत, असे सांगणारी त्याची मार्गदर्शिका १८३५ मध्येच छापली गेली होती. ऊदार हा प्रामुख्याने व्यापारी होता आणि तो तेथे आला तेव्हा मूळ बदल होऊन गेला होता, असे या पक्षाचे म्हणणे. कागदपत्रांचा आधार पाहता स्ताल्येनोचा पक्ष बळकट दिसतो. ऊदारने या वाइनची बाजारातील ओळख वाढवली असणे शक्य आहे.

आस्वादाच्या दृष्टीने दुसरा वाद महत्त्वाचा आहे. जुन्या पद्धतीत साली रसात महिनाभर किंवा त्याहून अधिक ठेवत आणि वाइन मोठ्या, जुन्या ओक पिंपांत मुरवत. १९८० नंतर काही तरुण उत्पादकांनी हा काळ काही दिवसांवर आणला आणि २२५ लिटरची नवी फ्रेंच पिंपे वापरली. त्यामुळे वाइन लवकर पिण्याजोगी झाली, पण लाकडाचा व्हॅनिलासारखा वास नेब्योलोवर चढू लागला. आज बहुतेक उत्पादक मधल्या मार्गाने जातात.

प्याला पांढऱ्या कापडावर तिरका धरला, तर रंगाचा फिकेपणा प्रथम जाणवतो. तामडी रत्नासारखा लाल, कडेला विटकरी. आरपार बोट दिसते. नेब्योलोतील रंगद्रव्ये मुळात अस्थिर असल्याने असे होते. त्यावरून वाइन सौम्य असेल असा अंदाज केला, तर तो पहिल्याच घोटाला चुकतो. वासात सुकलेल्या गुलाबपाकळ्या आणि डांबर ही जोडी ठळक असते. जुन्या बाटलीत चामडे, तंबाखू, ओल्या पाल्यातली अळंबी. मग तुरटपणा. टॅनिन हे द्राक्षाच्या सालीतून उतरणारे तुरट द्रव्य लाळेतील प्रथिनांना धरून त्यांचा साका करते, म्हणून हिरड्या आवळल्यासारख्या होतात. इंग्रजी पुस्तकांना हे समजावताना काळ्या चहाचा आधार घ्यावा लागतो. आपल्याकडे कषाय (तुरट) हा सहा रसांपैकी एक मानलेला आहे आणि हिरडा किंवा कच्ची सुपारी चघळलेल्याला ही संवेदना वेगळी शिकवावी लागत नाही. आंबट आणि तुरट यांत गल्लत मात्र होते. आंबटाने तोंडाला पाणी सुटते, तुरटाने तोंड कोरडे पडते. बारोलोत दोन्ही एकदम घडतात आणि तिची खरी ओळख हीच. ती १६ ते १८ अंश सेल्सिअसला प्यावी. उन्हाळ्यातल्या खोलीच्या तापमानाला अल्कोहोल नाकात चढून बाकी सारे झाकून टाकते.

जेवणाशी मेळही या तुरटपणावरूनच ठरतो. मांसातील प्रथिने आणि स्निग्धांश टॅनिनला काम पुरवतात, तोंडातली लाळ सुटी राहते आणि फळाची चव वर येते. म्हणून ‘ब्राझातो’ हा तिचा नेहमीचा जोडीदार. गोमांसाचा अखंड तुकडा कांदा, गाजर, सेलरी, तमालपत्र, लवंग यांच्यासह वाइनमध्ये रात्रभर भिजवतात आणि तो सुरीविना तुटेपर्यंत मंद आचेवर तासन्‌तास शिजवतात. मांसाविनाही जमते. भरपूर अंड्याच्या बलकाच्या बारीक ‘तायारिन’ शेवया, लोण्यात घोळवून वर आल्बाच्या पांढऱ्या ट्रफलचे (जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी कवकाचे) काप. किंवा कास्तेल्मान्यो हे डोंगराळ भागातले चीज. तिखटाशी मात्र ती जुळत नाही. मिरचीचा दाह अल्कोहोल व टॅनिन दोन्ही वाढवतात. तेलकट मासळीबरोबर अनेकदा धातूसारखी चव येते, तर गोड पदार्थापुढे वाइन कडू लागते.

गोडाच्या नियमाला एक अपवाद आहे. सिंकोनाची साल, मसाले व साखर घालून केलेली ‘बारोलो किनातो’ जेवणानंतर गडद चॉकलेटबरोबर घेतात. ती १९ व्या शतकाच्या अखेरीस सेर्रालुंगाच्या जुझेप्पे काप्पेल्लानो या औषधनिर्मात्याने प्रथम केली, असे सामान्यतः मानले जाते.