पार्श्वभूमी : क्षयाचा रुग्ण दवाखान्यात येतच नाही का?

खेड्यातल्या टीबीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘लोक वेळेवर येतच नाहीत हो.’ मग अज्ञान, भगत-वैदू, दुखणं अंगावर काढणं ही ठरलेली यादी येते. या वाक्याची साठ वर्षांपूर्वी प्रत्यक्ष गावांत जाऊन पडताळणी झाली आणि ते निम्मं खोटं निघालं.

त्याआधी क्षय म्हणजे शहरातला, गिरण्या-चाळींतला आजार असं मानत. उपचार म्हणजे मोकळी हवा, दूध-अंडी आणि सक्तीची विश्रांती, म्हणजेच सॅनेटोरियम. आपल्याकडे मिरजेजवळची वानलेसवाडी, पाचगणी ही त्यासाठी माहीत असलेली ठिकाणं. पण देशातल्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीच्या 1946च्या अंदाजानुसार देशात रुग्ण होते सुमारे 25 लाख आणि खाटा जेमतेम 6000. पुढे 1955 ते 1958 या काळात देशभर नमुना पाहणी झाली. खेड्यांत क्षयाचं प्रमाण शहरांइतकंच आहे, असं तिच्यात दिसलं. तेव्हा देशातली बहुसंख्य माणसं खेड्यातच राहत होती, म्हणजे बहुसंख्य रुग्णही तिथलेच.

खाटांचा पेच मद्रासला सुटला. तिथल्या क्षयोपचार संशोधन केंद्रात 1956 पासून काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये, तर काही घरीच ठेवून दोघांना तीच औषधं दिली गेली. घरचे रुग्ण गरीब वस्त्यांतले, जेवण बेताचं, कामही चालू. तरीही 1959 साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झालेले दिसले. घरातल्यांना लागण होण्याचा धोकाही त्यामुळे वाढला नव्हता. खाट नव्हे, गोळ्या महत्त्वाच्या.

आता प्रश्न उरला, गोळ्या घ्यायला माणूस येतो का? बंगळुरूची राष्ट्रीय क्षयरोग संस्था तेव्हा कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यात गावोगाव तपासणी करत होती. संस्थेचे संशोधक देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तिथल्या रुग्णांशी बोलून केलेला अभ्यास 1963 साली प्रसिद्ध झाला. बेडक्यात जंतू सापडलेल्यांपैकी सुमारे 95 टक्के लोकांना आपल्याला काहीतरी होतंय हे कळत होतं. सुमारे 72 टक्क्यांना त्याची काळजी होती आणि निम्म्याहून जास्त जण तर आधुनिक औषधं देणाऱ्या दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथे त्यांना मिळालं काय, तर खोकल्याचं पातळ औषध.

सरकारी दवाखान्यात घरूनच रिकामी बाटली न्यायची पद्धत जुन्या लोकांना आठवत असेल. कंपाउंडर तीत औषध भरायचा, बाहेरून डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायचा. बाटली संपेपर्यंत खोकला जरा दबायचा, की परत तेच. अशा दोन-तीन बाटल्यांनंतर माणूस दवाखाना बदलणारच, त्याला अज्ञान म्हणणं मला तरी पटत नाही.

अशा अभ्यासांचा आधार घेऊन 1962 पासूनचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आकाराला आला. वेगळी क्षय इस्पितळं बांधत बसण्यापेक्षा साध्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच सूक्ष्मदर्शकाखाली बेडका तपासायचा, तिथेच औषध द्यायचं, आणि सूत्रं जिल्हा क्षयरोग केंद्राच्या हातात ठेवायची. कल्पना उत्तम होती. पण वर्ष-दीड वर्षाचा कोर्स, मध्येच संपणारी औषधं आणि कुटुंब नियोजनाच्या उद्दिष्टांत गुंतलेले कर्मचारी, यात तो अर्धवट राहिला. कोर्स पुरा करणारे निम्मेही नव्हते.

दरम्यान रुग्ण खाजगी डॉक्टरकडे वळला होता. तिथे सुई मिळते, सलाईन लागतं, संध्याकाळी कामावरून आल्यावरही दार उघडं असतं. पण औषधाचा मेळ नव्हता. आरोग्य संशोधक मुकुंद उपलेकर यांनी 1991 साली मुंबईच्या झोपडपट्टीतल्या सुमारे 100 खाजगी डॉक्टरांना टीबीचं औषध लिहायला सांगितलं, तर 80 वेगवेगळ्या चिठ्ठ्या निघाल्या. हे मुंबईत, मग तालुक्याच्या गावाचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

पुढे डॉट्स आलं, म्हणजे कोणाच्या तरी देखरेखीखाली गोळ्या घ्यायची पद्धत. 1997 साली सुरू झालेला सुधारित कार्यक्रम 2006 पर्यंत देशभर पोचला. रुग्णाच्या नावाचा, पूर्ण कोर्सचा खोका बाजूला काढून ठेवलेला असायचा, त्यामुळे औषध मध्येच संपण्याची भीती गेली. पण आठवड्यातून तीनदा दुसऱ्यासमोर गोळ्या गिळायला जायचं, म्हणजे रोजंदारीवाल्याची कामाची घडी मोडायची. शिवाय अख्ख्या गावाला कळायचं ते वेगळंच. लग्नाची मुलगी घरात असली की घरचे आधी तेच बघतात. रोजच्या गोळ्यांची पद्धत सगळीकडे आली ती 2017 साली. 2018 पासून पोषणासाठी महिन्याला 500 रुपये खात्यात जमा होऊ लागले, 2024च्या अखेरीस ते 1000 झाले.

2019 ते 2021च्या क्षयाच्या राष्ट्रीय पाहणीत लक्षणं असलेल्यांपैकी 64 टक्के लोक कुठेच गेले नव्हते. तुमकूरला विचारलं होतं ते जंतू सापडलेल्यांना, इथे लक्षणं असलेल्या सगळ्यांना, म्हणून दोन आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत. पण कारणं वाचण्यासारखी आहेत. न गेलेल्यांपैकी 68 टक्क्यांनी लक्षणांकडे दुर्लक्ष केल्याचं सांगितलं, पैसे नव्हते म्हणणारे अवघे 2 टक्के. दुर्लक्ष केलं म्हणणाऱ्याची त्या आठवड्यात ऊसतोड चालू होती की पेरणी, हे त्या टक्क्यांत दिसत नाही.