काकांची डिलाइट, बाबांची पद्मिनी: रिस्टोअर केलेली गाडी आणि जपलेली गाडी

आमच्या घरात दोन फियाट आहेत. काकांकडे 1967 ची 1100 डिलाइट, मूळची आजोबांची. आमच्याकडे बाबांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी. दोन्ही कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातल्या, दोन्हींत तेच 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, दोन्हींचा गिअर स्टिअरिंगलाच. (डुक्कर फियाट या नव्हेत. ती यांच्या आधीची गोलमटोल गाडी, जिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे.) दसऱ्याला दोन्ही शेजारी उभ्या राहिल्या की आल्यागेल्याचं एकच वाक्य ठरलेलं असतं, "वा, दोन्ही काय रिस्टोअर केल्यात!"

काकांची रिस्टोअर केलेली आहे. बाबांची जपलेली आहे. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि बहुतेक घरांत हवं असतं दुसरं पण गॅरेजला सांगितलं जातं पहिलं.

रिस्टोरेशनला एक तारीख लागते. गाडी कोणत्या दिवसासारखी करायची, हे आधी ठरवावं लागतं, आणि बहुतेक वेळा तो दिवस म्हणजे कारखान्याच्या फाटकातून ती बाहेर पडली तो. रंग त्या सालचा, रेक्झिन त्या पोताचं, हबकॅप त्या मॉडेलचे, बोल्टची डोकीसुद्धा तशीच. त्यानंतर गाडीला जे जे झालं ते काढून टाकायचं. जतनाला अशी तारीख नसते. गाडी आज जशी आहे तशी धरायची, पुढची झीज थांबवायची आणि ती सुरक्षित चालेल एवढंच करायचं. जुन्या गाड्यांच्या संस्थांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, फिवा, तिच्या ट्युरिन चार्टर या मार्गदर्शक सनदेतही जतन आणि रिस्टोरेशन हे शब्द मुद्दाम वेगळे ठेवलेत.

आता यातली मेख बघा. कारखान्यातून गाडी निघाली त्या दिवशी आपल्यापैकी कुणीच त्या गाडीत नव्हतं. जी माया आहे ती सगळी त्यानंतरच्या वर्षांची.

काकांच्या गाडीत हे आम्हाला फार उशिरा कळलं. आमच्या आठवणीतली डिलाइट क्रीम रंगाची. दरवाजाचं आतलं पॅड काढलं तेव्हा पत्र्यावर फिकट निळा रंग निघाला. म्हणजे मूळची गाडी निळी, आणि आजोबांनी ती मध्ये कधीतरी क्रीम करून घेतलेली. रिस्टोरेशन म्हटल्यावर निळा हेच उत्तर बरोबर होतं. काकांनी निळा केला, आरसीवर क्रीम होता म्हणून आरटीओत रंग बदलल्याची रीतसर नोंदही केली. गाडी घरी आली तेव्हा आत्या पायरीवरूनच म्हणाली, "छान आहे. पण ही आपली नाही."

दुसरी गोष्ट जास्त लागली. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आजोबा ऑइल बदलल्याच्या तारखा आणि किलोमीटर लिहून ठेवत. सुरुवातीच्या पेन्सिलीने, नंतरच्या बॉलपेनने, आणि मध्येच एके ठिकाणी "पंढरपूर". पेंटरने झाकण घासून पत्र्यापर्यंत आणलं, प्रायमर मारला, वर निळा. आम्ही गॅरेजला पोचलो तेव्हा झाकण उन्हात वाळत होतं. काका बराच वेळ त्याच्यासमोर उभे होते. पेंटरला मात्र कुणी काही बोललं नाही, कारण त्याने सांगितलेलंच काम नीट केलं होतं. 1967 साली त्या झाकणावर कुणी काही लिहिलेलं नव्हतं. साधा फोटोसुद्धा काढून ठेवलेला नव्हता, ही चूक आमची.

म्हणून बाबांच्या पद्मिनीला हात लावायच्या आधी आम्ही दोन दिवस नुसते फोटो काढले. बॉनेटवर कुंकवाच्या स्वस्तिकाचा फिका डाग, डॅशबोर्डवर गणपतीचं स्टिकर निघाल्यावर राहिलेला चौकोन, झेंडूची माळ बांधायला जाळीला पिळून ठेवलेली तांब्याची तार. मग ठरवलं की ही गाडी नवी करायची नाही.

जतन म्हणजे काहीच न करणं असा समज असतो आणि तो धोक्याचा आहे. वर्षानुवर्षं उभ्या गाडीला सरळ स्टार्टर मारू नये. आम्ही आधी प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं, दोन दिवस मुरू दिलं आणि पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. ते मोकळं फिरल्यावरच बॅटरी. पेट्रोलची टाकी उतरवून आतला गंज आणि चिकटा साफ केला. ब्रेकमध्ये तर जुनं म्हणून काहीच ठेवलं नाही. मास्टर सिलिंडरचं किट, चारही चाकांचे व्हील सिलिंडर, होज पाइप, लायनिंग, सगळं नवं. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवा मारून उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. टायरची नक्षी कितीही शाबूत दिसली तरी वयाने रबर कडक होतं, म्हणून तेही बदलले.

पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम बदलायला अजून एक कारण आहे. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या काळचं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, आणि गळती लागली तर ती गरम इंजिनाजवळच लागते. शिवाय या गाड्या शिसं घातलेल्या पेट्रोलच्या जमान्यातल्या. ते पेट्रोल देशात 2000 साली बंद झालं. व्हॉल्व्हच्या सीटला, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो त्या कडेला, त्या शिशाचा आधार असे, त्यामुळे पुढेमागे इंजिनाचं हेड उघडायची वेळ आली तर कडक धातूच्या सीट बसवून घेणं शहाणपणाचं. हे बदल बाहेरून दिसत नाहीत, आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवला की परत फिरण्याचा रस्ताही उघडा राहतो.

रंगाचं मात्र धीरानं घ्यावं लागतं. पॉलिशवाला मशीन घेऊन आला की बाबा गाडीपुढे उभे राहायचे. जुना रंग आधीच पातळ झालेला असतो; कंपाउंड जोरात घासलं की कडांवर पहिला प्रायमर दिसतो. साधा शॅम्पू, हाताने हलकं पॉलिश, वर मेण, बस्स. क्रोमचंही तसंच. पुन्हा प्लेटिंग करायचं तर आधी खड्डे घासून सपाट करावे लागतात, आणि त्यात बंपरच्या रेघांची धार जाते.

काकांच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण त्यांना पर्याय नव्हता. या गाड्यांना जीपसारखी वेगळी चासी नसते. बॉडी हाच सांगाडा. दरवाजाखालची पट्टी, म्हणजे सिल, सडली की गाडीचं हाडच सडलं. डिलाइट पंधरा वर्षं कोकणात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. सिलवर लोहचुंबक लावला तर जागोजाग चिकटेना. म्हणजे पत्रा गेलेला आणि कुणीतरी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारलेला. तिथे जपण्यासारखं काही उरलं नव्हतं. पत्रा कापून नवा वेल्ड करणं, ते करायचं म्हणून सगळा रंग उतरवणं, आणि रंग उतरवलाच आहे तर मूळ छटा शोधणं, हे ओघानेच आलं. लोहचुंबकाची ही परीक्षा तुम्हीही करा, फक्त मध्ये पातळ फडकं धरा. कोणतं काम करायचं याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

खर्चाचा हिशेबही दोन्हींचा वेगळा चालतो. रिस्टोरेशन मध्येच सोडता येत नाही; सुटी केलेली गाडी म्हणजे नुसतं सामान, आणि असं सामान भरलेली गॅरेजं मी पाहिली आहेत. काकांची तीन वर्षं त्यातच गेली. टेललाइटच्या एका काचेसाठी त्यांनी पुण्यात नाना पेठेपासून जुन्या बाजारापर्यंत किती रविवार घालवले ते काकूला विचारा. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी धावत होत्या तोवर निदान मेकॅनिकचा हात तरी त्यांवर बसलेला होता. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. जतन मात्र हप्त्याहप्त्याने करता येतं. यंदा ब्रेक, पुढल्या वर्षी वायरिंग, मधल्या काळात गाडी चालती.

या दोन्हींत न बसणारा तिसरा प्रकार म्हणजे जुन्या अंगात नवं इंजिन, एसी, पॉवर स्टिअरिंग. हौस म्हणून ठीक, पण त्याला रिस्टोरेशन म्हणू नका, आणि आरटीओला न विचारता तर करूच नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीत करायच्या बदलांवर बंधनं आहेत. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेले नसावेत ही अट आहे. काकांनी मूळचंच इंजिन बोअर करून, म्हणजे झिजलेले सिलिंडर किंचित रुंद करून, ओव्हरसाइज पिस्टन टाकले, दुसरं बसवलं नाही, हे इथे कामाला येईल. तरी त्यांनी अजून अर्ज केलेला नाही, कारण व्हिंटेज नोंदणी झाली की गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कामांना बाहेर काढता येते. काकांना दर गुरुवारी तिच्यातून दत्ताच्या देवळात जायचं असतं.

बाबांच्या गाडीचंही सगळं सोपं चाललेलं नाही. गेल्या पावसाळ्यानंतर ड्रायव्हरच्या बाजूच्या सिलला वीतभर गंज निघाला. आतून मेण फवारून तो थांबेना. आमच्या डेंटरने तेवढाच तुकडा कापून नवा पत्रा लावला, वेल्ड घासून सपाट केला आणि मग हात पुसत म्हणाला, "दादा, पूर्ण साइड मारू या. नवा रंग जुन्याला मॅच होणार नाही, पॅच दिसेल."

बाबा खुर्चीवरून उठले, वाकून सिलकडे पाहिलं. "दिसू दे," म्हणाले, आणि आत जाऊन कॅमेरा घेऊन आले.